आकाशवाटेवरील नागपूर

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत मायदेशाच्या प्रवासाचा विषय निघाला की चर्चा तिकिटाच्या दरापेक्षा शेवटच्या टप्प्यावर अधिक रेंगाळते. लंडन वा न्यूयॉर्कहून मुंबई गाठणे आता कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ते तेथून पुढे नागपूर, अमरावती, चंद्रपूर वा भंडारा गाठणे. सामान्यतः प्रवाशाला भारतातील पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन उरकून सामान ताब्यात घ्यावे लागते, ते कस्टम्समधून बाहेर काढून देशांतर्गत विमानासाठी पुन्हा सोपवावे लागते. तरुणाला ही केवळ दगदग वाटेल; परंतु मुलाकडून एकटीच परतणाऱ्या सत्तरीतील आईला ती प्रवासच नकोसा करते. वडिलांच्या अंत्यदर्शनासाठी निघालेल्या लेकीचे तेथे गेलेले तास तर कधीच भरून येत नाहीत.

म्हणूनच लांब पल्ल्याच्या विमान कंपन्यांनी प्रादेशिक विमानतळांना जोडणारे थांब्याचे मार्ग वाढवावेत काय, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ व्यापाराचा नाही.

थांब्याचे गणित नागपूरला नवे नाही. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. टपाल व प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने पुन्हा आपापल्या दिशेने उडत. देशाच्या मध्यावरील स्थानाचा तो साधा, शहाणा उपयोग होता. आज त्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. डिसेंबर 2015 मध्ये कतार एअरवेजने दोहा–नागपूर सेवा सुरू केली, तेव्हा विदर्भातील प्रवाशाला मुंबई-दिल्ली टाळून, दोह्यात एकदाच विमान बदलून युरोप-अमेरिका गाठता येऊ लागली. सामानही नागपूरलाच हाती येते, हा त्यातील मोठा दिलासा.

विरोधी बाजूही समजून घेतली पाहिजे. सुमारे 180 आसनांचे विमान आठवड्यातून चार वेळा सोडले, तर वर्षाला एका दिशेने 37,440 आसने होतात. त्यांतील तीन चतुर्थांश भरायची म्हटली तरी 28,080 प्रवासी हवेत, आणि तेही बारा महिने. आपली गर्दी मात्र धम्मचक्र प्रवर्तन दिन, डिसेंबरची सुट्टी आणि मुलांच्या शाळेची उन्हाळी सुट्टी यांभोवतीच होते. शिवाय कोणत्या देशाच्या कंपन्यांनी भारतात आठवड्याला किती आसने आणावीत, हे दोन सरकारांच्या करारावर ठरते. आखाती कंपन्यांचा वाटा वाढवण्याऐवजी भारतीय कंपन्यांनीच दूरची थेट उड्डाणे करावीत, असा सरकारी विचार आहे. त्यालाही तथ्य आहे.

बौद्ध तीर्थक्षेत्रांचा अनुभव येथे बोलका आहे. गयेला हिवाळ्यातील यात्राकाळात बँकॉकसारख्या शहरांतून विमाने येतात, कारण भाविकांचा ओघ ठरलेला असतो. कुशीनगरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ 20 ऑक्टोबर 2021 रोजी कोलंबोहून आलेल्या विमानाने गाजतवाजत सुरू झाला. पुढे मात्र नियमित परदेशी सेवा रुजली नाही. धावपट्टी बांधल्याने मार्ग टिकत नाही. मार्ग टिकतो तो नियमित प्रवाशांमुळे.

तरीही आमचे उत्तर होकारार्थी आहे. लंडन–नागपूर थेट विमानाचा हट्ट धरण्यापेक्षा दोहा, शारजा यांसारख्या केंद्रांना जोडणाऱ्या फेऱ्या वाढवाव्यात. पूर्वेला बँकॉक जोडले गेले, तर आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियातील कुटुंबांची सोय होईल आणि तेथील बौद्ध उपासकांना दीक्षाभूमी व कामठीचे ड्रॅगन पॅलेस सहज पाहता येईल. आखातात राबणारे कामगार, परदेशी शिकणारे विद्यार्थी, विमानाच्या पोटातून जाणारा ताजा माल, या सर्वांची बेरीज केली तरच फेरी परवडेल. केवळ आपल्या भावनेवर कोणतीही कंपनी इंधन जाळणार नाही.

या बेरजेत आपला आकडा मांडणे मात्र आपल्याच हाती आहे. प्रत्येक शहरातील मंडळाने आपली कुटुंबे वर्षातून केव्हा, किती जणांसह आणि कोणत्या मार्गाने विदर्भात जातात, याची नोंद ठेवावी. अशोक विजयादशमीची तिथी आधीच ठाऊक असते. गटाने आगाऊ आरक्षण केल्यास कंपनीला मागणी दिसते. अशी नोंद हाती घेऊन निवेदन दिले, तर ते अर्ज-विनंती राहत नाही, व्यवहाराचा प्रस्ताव होतो. संघटित होण्याचा धडा आपल्याला नवा नाही. तो विमानाच्या तिकीट खिडकीवरही गिरवता येतो, आणि त्याचा पहिला लाभ मिळेल तो चाकाच्या खुर्चीत बसून दोन विमाने बदलणाऱ्या आपल्या आईवडिलांना.

जय भीम. नमो बुद्धाय.