काचेवरचे धुके आणि घरची दुरुस्ती

आषाढातील पहाट. मलकापूर मागे टाकून आपली गाडी आंबा घाटाकडे निघालेली असते. बाहेर धुके, आत चार माणसांचा श्वास. पाहता पाहता समोरची काच पांढरी होते. चालक एका हाताने फडके फिरवतो आणि नेमके तेव्हाच वळण येते. शाहूवाडीचा पावसाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला गाडीचा हीटर ही चैन नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

हीटर बिघडला की घरीच हात घालून पाहावा, असे अनेकांना वाटते. त्यात गैर काही नाही. मात्र कोठे थांबायचे, हे आरंभीच ठरवलेले बरे.

पेट्रोल-डिझेल गाडीतील हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. इंजिनातून तापून आलेले कूलंट डॅशबोर्डामागील एका लहान रेडिएटरमधून फिरते. त्याला हीटर कोअर म्हणतात. पंखा त्यावरून हवा आत ढकलतो. म्हणून तपासणीचा क्रमही सोपा आहे. पंखाच फिरत नसेल, तर आधी फ्यूज पाहा. वारा क्षीण असेल, तर केबिन फिल्टर काढून पाहा. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाला तीच त्रास देते. वारा जोराचा पण गार असेल, तर गाडी थंड असताना कूलंटची पातळी पाहा.

पातळी योग्य असेल, तर इंजिन तापवून बंद करा आणि कोअरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना जाड फडक्यातून क्षणभर हात लावा. दोन्ही कोमट असतील, तर दोष बहुधा थर्मोस्टॅटचा. एक गरम व दुसरी गार असेल, तर कोअर तुंबलेला किंवा आत हवा अडकलेली. दोन्ही गरम असतील, तर उष्ण हवेची झडप अडकली असावी.

तुंबलेला कोअर धुणे हे या कामातील अवघड पाऊल. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही नळ्या सोडवून, उलट्या दिशेने, अगदी मंद धारेने पाणी सोडावे. जोराच्या धारेने जुना कोअर फुटतो. नंतर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट भरावे आणि अडकलेली हवा काढावी.

आता आरोग्याचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका; दाबाखालील उकळते पाणी तोंडावर उसळते. भाजल्यास ती जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा; हळद, टूथपेस्ट लावू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, पण मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात, मुलांच्या व कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवा. पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका, गटारात वा विहिरीजवळ ओतू नका. चुकून कोणी प्याले, तर उलटी करवू नका, लक्षणांची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन करून त्वरित रुग्णालय गाठा. बाहेर मुसळधार पाऊस असला, तरी बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ते रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची पहिली खूण.

आणि थांबायचे कोठे? गाडीत गोडसर वास येत असेल, पायाखालची चटई ओली व चिकट लागत असेल, काचेवर तेलकट थर बसत असेल, तर कोअर गळत आहे. तो बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि तेथे एअरबॅगच्या तारा असतात. ते काम जाणत्या कारागिराचे.

हीटर दुरुस्त होईपर्यंत घाटात शिरताना आतलीच हवा फिरवणारे बटण बंद ठेवा, एसी लावून वारा काचेकडे वळवा. तरीही काच धूसर झाली, तर सुरक्षित जागी गाडी थांबवा. आपल्या हाताने दुरुस्ती केल्याचे समाधान मोठे असते. परंतु घरची माणसे सुखरूप घाट उतरली, हे समाधान त्याहून मोठे आहे.