‘धाराशिव’ मोर्स कोडमध्ये पाठवायचं तर प्रोग्रॅम कसा रचायचा?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूरसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावंही उद्ध्वस्त झाली. अशा संकटात फोन बंद पडले की निरोप पोहोचवायला रेडिओच उरतो. या भूकंपातही हॅम रेडिओचालक मदतीला आले होते.

हॅम रेडिओची जुनी भाषा म्हणजे मोर्स कोड. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण हॅम रेडिओवर मोर्स अजून जिवंत आहे. सिग्नल इतका क्षीण असला की बोललेले शब्द कळत नाहीत, तरी मोर्सचे छोटे-मोठे आवाज ओळखता येतात.

मग लिहिलेला मजकूर आपोआप मोर्समध्ये बदलणारा प्रोग्रॅम कसा बनवायचा?

एकाच माणसावर सगळी कामं नकोत

जुनं तार ऑफिस आठवा. एक जण खिडकीवर फॉर्म घ्यायचा, दुसरा तार पाठवायचा, तिसरा ती घरी पोहोचवायचा. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची कल्पना अशीच आहे: प्रत्येक क्लासकडे एकच काम. इथे तीन क्लास पुरतात.

१. कोडसूची: कोणत्या अक्षराला कोणती खूण, हे फक्त हिला माहीत. उदा. इंग्रजी ‘ए’ म्हणजे (. -) आणि ‘एस’ म्हणजे (. . .).

२. अनुवादक: मजकुरातलं एकेक अक्षर घेतो, सूचीला विचारतो आणि खुणा क्रमाने लावतो.

३. प्रेषक: खुणा बाहेर पाठवतो. कधी आवाजाने, कधी टॉर्चच्या उजेडाने. दोघांनाही आदेश एकच, ‘पाठव’. त्यामुळे आवाजाऐवजी उजेड वापरायचा झाला, तर अनुवादकाला हात लावावा लागत नाही.

शांततेलाही अर्थ असतो

मोर्समध्ये टिंब १ मात्रा, रेघ ३ मात्रा. एका अक्षरातल्या दोन खुणांमध्ये १ मात्रा, दोन अक्षरांमध्ये ३ आणि दोन शब्दांमध्ये ७ मात्रा शांतता. ही शांतता चुकली तर तीन ‘ई’ आणि एक ‘एस’ यांत फरकच राहत नाही. म्हणून वेळेचा हिशेब प्रेषकाकडे एकाच जागी ठेवायचा.

मिनिटाला ८ शब्द हा वेग धरला तर एक मात्रा ०.१५ सेकंदाची होते. इंग्रजी स्पेलिंगने ‘धाराशिव’ पाठवायला ७९ मात्रा, म्हणजे जेमतेम १२ सेकंद लागतात.

मराठीत टाइप केलं तर?

खरी परीक्षा इथे आहे. ‘धाराशिव’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण कॉम्प्युटर तो सात भागांत साठवतो: ध, काना, र, काना, श, वेलांटी, व. ‘उस्मानाबाद’ पाच अक्षरांचा दिसतो, पण भाग होतात दहा, कारण ‘स्मा’मधला हलन्तही वेगळा मोजला जातो.

देवनागरीसाठी वेगळा मोर्स कोड आहे. हिंदी तारांसाठी तो वापरला जात असे. रचना नीट असेल तर नवी कोडसूची जोडायची आणि मजकुराचे भाग कसे पाडायचे तेवढं अनुवादकाला शिकवायचं. प्रेषक जसाच्या तसा राहतो.

सूचीत नसलेल्या चिन्हाचं काय?

समजा कोणी ‘१२ जखमी’ असं मराठी अंकांत लिहिलं आणि सूचीत फक्त इंग्रजी अंक आहेत. कॉम्प्युटरसाठी ही दोन्ही वेगवेगळी चिन्हं आहेत. प्रोग्रॅमने न सापडलेलं चिन्ह गुपचूप गाळलं, तर पलीकडे फक्त ‘जखमी’ पोहोचेल. किती रुग्णवाहिका पाठवायच्या, हे ज्या आकड्यावर ठरणार तोच हरवेल.

म्हणून अनोळखी चिन्ह आलं की अनुवादकाने थांबायचं आणि ‘हे चिन्ह पाठवता येत नाही’ असं स्पष्ट सांगायचं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये अशी चूक झाली तर दोन मार्क जातात. भूकंपाच्या पहाटे मदतच कमी पोहोचते.

प्रोग्रॅम लिहायला बसण्याआधी हे तीन क्लास कागदावर काढा. कोणाचं काम काय आणि चूक झाली तर सांगणार कोण, हे ठरलं की पुढचं कोडिंग सोपं जातं.