मनकवड्यांचा आखाडा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी येलदरी आहे. गावापेक्षा तिथल्या धरणाचे नाव मोठे. पण माझ्या बहिणीच्या घरात सर्वांत मोठी असामी म्हणजे माझा भाचा. वय वर्षे चौदा! गेल्या दिवाळीत फराळाची ताटे उचलली जाताच त्याने माझ्या हातात कंट्रोलर दिला, टीव्हीच्या पडद्यावर 'स्ट्रीट फायटर'चे दोन मल्ल उभे केले आणि म्हणाला, "या मामा!"

दहा लढती झाल्या आणि दहाही मी हरलो.

"वय झालं रे आता, बोटं चालत नाहीत," मी म्हणालो. हरल्यावर वडीलधाऱ्यांनी वयाचा आधार घ्यावा, ही जुनीच रीत आहे.

"बोटांचं काही नाही, मामा. तुम्ही पडून उठलात की दर वेळी ठोसाच मारता. मी आधीच अडवून बसतो."

माझा विश्वास बसेना. अकराव्या लढतीत मी स्वतःवर नजर ठेवली. पडलो, उठलो आणि, वाचकहो, काय सांगू, ठोसाच मारला!

मग मात्र मी या खेळाची नीट माहिती काढली. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे सरकतात. झटपट ठोसा चार-पाच चित्रांत येऊन लागतो, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागाच्या आत. उलट एखादी गोष्ट दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. तेवढ्यात बारा ते पंधरा चित्रे निघून जातात. तेव्हा ठोसा पाहून अडवू म्हणणे व्यर्थ. तो येण्यापूर्वीच ताडावा लागतो. जपानी खेळाडू याला 'योमी' म्हणतात. योमी म्हणजे वाचन. इथे प्रतिस्पर्ध्याच्या मनाचे.

मुळातला हिशेब सोपा आहे. मारणे, अडवणे आणि पकडून फेकणे, हे तीन मुख्य उपाय. अडवणारा मारणाऱ्याला निष्प्रभ करतो, पकडणारा अडवणाऱ्याला फेकतो आणि मारणारा पकडायला येणाऱ्याला आधीच गाठतो. तिन्हींत श्रेष्ठ कोणताच नाही. समोरचा आता काय करणार, एवढाच प्रश्न उरतो.

मग ते ओळखायचे कसे? भाच्याची शिकवणी अशी : पहिल्या फेरीत जिंकायची घाई करू नये. पुढे जाऊन थांबावे, हूल द्यावी आणि समोरचा काय करतो ते पाहावे. पडून उठल्यावर तो काय करतो? कोपऱ्यात सापडल्यावर? जीव थोडा उरल्यावर? ही तीन उत्तरे हाती आली की निम्मी लढाई जिंकली. कारण घाबरलेला माणूस नवे काही शोधत नाही, सवयीकडे धावतो.

बहिणीचे सासरे, अण्णा, तरुणपणी तालमीत घुमलेले. इतका वेळ ते या 'पोरखेळा'कडे पाठ करून बसले होते. हे ऐकून मात्र त्यांनी खुर्ची वळवली. "आम्हाला वस्ताद हेच सांगायचे," ते म्हणाले. "गड्याच्या डोळ्यांकडं बघू नको, कमरेकडं बघ. डोळा हूल देतो, कंबर देत नाही." आजोबा आणि नातू त्या दिवशी प्रथमच एका विषयावर तासभर बोलले. बहीण स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली.

या विद्येचा एक प्रसंग जगभर गाजला आहे. २००४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील 'इव्हो' स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांची गाठ पडली. दाइगोच्या मल्लात धुगधुगी तेवढी उरली होती. नुसता अडवलेला जोरदार हल्लाही त्याला संपवायला पुरेसा होता. वाँगने पंधरा फटक्यांचा हल्ला सोडला. दाइगोने प्रत्येक फटक्याच्या नेमक्या क्षणी पुढे दांडी ढकलून पंधराही फटके परतवले आणि लढत जिंकली! वाँगला हा सोपा शेवट करण्याचा मोह होणार, हे ताडून तो त्या क्षणाची वाटच पाहत होता. मनकवडाही सर्वज्ञ नसतो, हेही खरे : त्या स्पर्धेचा अंतिम सामना दाइगो हरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धरणावर फिरायला गेलो. पावसाळ्यात वरच्या खडकपूर्णा धरणातून पाणी सोडले की इथे किती येईल, याचा अदमास घ्यावा लागतो. तोही अंदाजच. पण पूर्णामाईला आपला कोणी अंदाज घेतला म्हणून ती वाट बदलत नाही. माणूस बदलतो! आपली सवय ओळखली गेली हे कळताच तो दुसरी चाल धरतो, आणि ती तो धरणार हेही समोरच्याला कळू शकते.

अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी १९५३ साली अशा मनकवड्या यंत्राची माहिती लिहून ठेवली होती. दोनांपैकी एक पर्याय माणसाने निवडायचा आणि तो कोणता, हे यंत्राने ओळखायचे. जिंकल्यावर किंवा हरल्यावर आपण निवड बदलतो की तीच ठेवतो, एवढेच यंत्र लक्षात ठेवी आणि तेवढ्यावर माणसांना हरवी. नाणे उडवून निवड करणाऱ्यापुढे मात्र त्याचे काही चालण्यासारखे नव्हते. पण नुसत्या नाण्यावर खेळणाऱ्याला दुसऱ्याच्या सवयीचा फायदाही घेता येत नाही. म्हणून खरी विद्या दुहेरी : दुसऱ्याला वाचावे आणि आपण वाचले जाऊ नये.

त्यातले दुसरे अधिक अवघड. चाळीस वर्षे संसार, नोकरी आणि वादविवाद करूनही, पडल्यावर मी काय करतो हे मला ठाऊक नव्हते. पोराने ते अर्ध्या तासात ओळखले! घरातही, कोणी जरा टोकले की मी उठतो आणि ठोसाच मारतो, असे पत्नीचे म्हणणे आहे. तिला हे कळायला कंट्रोलर लागला नाही.

निघायच्या दिवशी शेवटची लढत झाली. मी पडलो, उठलो आणि काहीच केले नाही. भाचा अडवून बसला होता. मी त्याला पकडून फेकले. अण्णांनी खुर्चीतच शड्डू ठोकला! लगेच पुढच्या लढतीत भाच्याने मला पुन्हा आडवे केले, कारण त्याने आपली चाल बदलली होती.

यंदा भाऊबिजेला पुन्हा येलदरीला जायचे आहे. पडून उठल्यावर या वेळी काय करायचे, ते मी ठरवून ठेवले आहे. पण ते इथे लिहीत नाही. हा अंक त्यांच्याही घरी जातो.