उजळणी आणि मोजणी

मूल तीन-साडेतीन वर्षांचे झाले की मराठी घरात पाहुण्यांसमोर एक छोटी परीक्षा होते. 'म्हणून दाखव बरं, एक, दोन, तीन...' मूल वीसपर्यंत म्हणते, एखादे पन्नासपर्यंत जाते आणि घरादाराला समाधान वाटते. त्याच मुलाला 'ताटातल्या पाच शेंगा दे' म्हटले, तर ते पुष्कळदा मूठभर उचलून देते. म्हणता येणे आणि मोजता येणे यांत असे अंतर असते. शाळेत पाऊल पडण्याआधी ते कमी करण्याचे काम घरच करू शकते, आणि त्यासाठी वेगळा अभ्यास मांडून बसावे लागत नाही.

आपल्या भाषेने या दोन गोष्टींना वेगळी नावे दिलेली आहेत. उजळणी म्हणजे क्रमाने पाठ म्हणणे. मोजणी म्हणजे समोरच्या वस्तू किती हे ठरवणे. दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत ज्या घरांत होती, तिथे वार, महिने, नक्षत्रे आणि पाढे रोज कानांवर पडत. सगळ्या घरांत ही रीत नव्हती. मोजणी मात्र सगळीकडे होती: भाजीच्या जुड्या, कोंबडीची अंडी, वाळत घातलेल्या गोवऱ्या, पंगतीची पाने.

मोजणीत नेमके काय काय येते, याची फोड रॉचेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली केली. एका वस्तूला एकच शब्द. शब्दांचा क्रम ठरलेला. शेवटी उच्चारलेला शब्द हाच साऱ्या समूहाचा आकडा. काहीही मोजता येते. आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. या पाचांत उजळणीने हाती येते ते एकच, शब्दांचा क्रम. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. चार वाट्या बरोबर मोजणाऱ्या मुलाला लगेच 'मग किती वाट्या?' असे विचारले, तर ते पुन्हा एकपासून मोजू लागते. 'चार' हा शेवटच्या वाटीचा उच्चार आहे असे त्याला वाटते; तो चारही वाट्यांचा मिळून आहे हे अजून उमगलेले नसते.

कॅरेन विन यांनी १९९०च्या सुमारास ढिगातून सांगितल्याइतक्या वस्तू मागण्याची सोपी चाचणी मुलांवर करून पाहिली. मूल आधी फक्त 'एक' ओळखते, काही महिन्यांनी 'दोन', पुढे 'तीन'. आणि मग कधीतरी मोजणीचे मर्म कळून ते कोणतीही लहान संख्या मोजून देऊ लागते. दहापर्यंत घडाघडा म्हणणारी मुलेही या पायऱ्यांवरूनच जातात. तेव्हा अडीच वर्षांच्या मुलाने तीनऐवजी मूठभर शेंगा दिल्या, तर ते 'ढ' आहे असे मानण्याचे कारण नाही.

मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते, ती संख्यांच्या नावांची. 'दोन' हा शब्द पुढे बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, ब्याण्णव अशी रूपे घेतो. मुलाला त्यात 'दोन' ऐकू येत नाही. शिवाय पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी. त्यामुळे कानाच्या क्रमाने लिहिणारे मूल पंचविसाचे ५२ करून ठेवते. एकक आधी बोलणाऱ्या जर्मन भाषेतल्या मुलांकडूनही अशीच उलटापालट होते. आपल्या शेजारच्या कन्नड आणि तेलुगू भाषांत वीस आधी येतात, एक नंतर.

'एकोण'ची गंमत याहून वेगळी आहे. संस्कृत 'एकोन' म्हणजे एकाने कमी. इंग्रजीत मोजणारे मूल एकोणतीस म्हणून झाल्यावर अडते, कारण पुढचा दशक त्याला आठवत नाही. मराठी मूल अठ्ठाविसालाच अडते. 'एकोणतीस' म्हणण्यासाठी तीस आधीच ठाऊक असावे लागतात. हा नियम एकोणनव्वदपर्यंत नीट चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन रूढ नावांच्या जोडीने आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे, जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपी वाट जोडीला दिली आहे, असे होते. भाषा बिघडेल ही भीती एका बाजूला आणि मूल गणिताला घाबरेल ही काळजी दुसऱ्या बाजूला, अशी ती ओढाताण होती. त्या वादात घराचा विचार फारसा झाला नाही.

तो करण्याजोगा का आहे, हे केविन मिलर आणि सहकाऱ्यांच्या १९९५मधल्या अभ्यासावरून दिसते. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात. चिनी आणि अमेरिकी मुलांत दहापर्यंतच्या उजळणीत फरक नव्हता. दहानंतर चिनी मुले पुढे गेली. परंतु थोड्या वस्तू मोजण्यात दोन्हीकडची मुले सारखीच होती. म्हणजे नावांचा अवघडपणा उजळणीला जाचतो. लहान समूहांच्या मोजणीला तो आड येत नाही. मराठी घराला ही मोठीच सवलत आहे. त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशीत गोंधळणारे मूल सात वाट्या अचूक मांडू शकते.

आणि मोजण्याच्या संधी घरात पडून असतात. 'तीन शिट्ट्या झाल्या की सांग' म्हटले की हात लावता न येणारी गोष्टही मोजता येते, हे मूल कुकरशेजारी शिकते. जेवायला बसणाऱ्या माणसांइतकी ताटे मांडताना एकास एक जोडी लावते. करंज्या दहा-दहाच्या ओळींत ठेवल्या, की तीन ओळी आणि वर दोन म्हणजे बत्तीस हे डोळ्यांना दिसते. 'बत्तीस' या शब्दातले न ऐकू येणारे तीन आणि दोन तिथे सापडतात.

खेळाचेही तसेच. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २००८ साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांशी एक ते दहाच्या सरळ पटावर सोंगटीचा खेळ खेळून पाहिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका झाल्या आणि मुलांची संख्यांची समज स्पष्ट सुधारली. आकड्यांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांची सुधारली नाही. सोंगटी सरकवताना त्या घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा, हा त्यातला नियम. आपल्या सापशिडीत तो सहज पाळता येतो: सोळावर असताना तीन पडले, तर 'एक, दोन, तीन' न म्हणता 'सतरा, अठरा, एकोणीस' म्हणायचे.

व्यवहार सुटला की शब्द कसे जातात, याचा दाखला मराठीतच आहे. सोळा आण्यांचा रुपया आणि सोळा छटाकांचा शेर असताना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असणे ही गरज होती. १९५७ साली दशमान नाणी आली, मागोमाग किलोग्रॅम आला आणि ते पाढे विरले. सव्वा, दीड, अडीच मात्र टिकले, कारण दूध दीड लिटर येते आणि घड्याळात सव्वासहा वाजतात. आज इंग्रजी माध्यमातले कितीतरी नातू आजीने 'एकोणऐंशी' म्हटले की 'म्हणजे किती?' असे इंग्रजीत विचारतात. त्यांच्या शाळेने हा शब्द शिकवला नाही हे खरे; पण घरातही मोठी माणसे फोन नंबर, भाव आणि वेळ इंग्रजीतच सांगत असली, तर तो शब्द मुलाच्या कानांवर पडणार कुठे?

म्हणून शंभरपर्यंत म्हणून घेण्याची घाई थोडी बाजूला ठेवायला हरकत नाही. यंदा फराळाचे डबे भरताना 'या डब्यात बारा चकल्या ठेव' एवढेच मुलाला सांगावे आणि ते मोजत असताना मध्ये बोलू नये. चुकले तर 'परत मोजून बघू या' म्हणावे. एखादी चकली मोजता मोजता तोंडात गेली, तर बारातून एक गेल्यावर किती उरल्या, हेही त्याच डब्यात कळते.