क्राकूवच्या चाळीतला तपास

धाटावच्या एमआयडीसीत एका रसायन कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात मी 19 वर्षं काम करतो आहे. रिअ‍ॅक्टरचं तापमान, दाब, ब्राइनचा प्रवाह मोजणारी उपकरणं नीट ठेवायची, हे काम. काही बिघडून प्लांट आपोआप बंद पडला, आमच्या भाषेत ट्रिप झाला, की पहिला फोन आम्हाला येतो. कारण त्या वेळी काय काय घडलं ते सगळं कंट्रोल रूमच्या संगणकात साठलेलं असतं. पडद्यावर रंगीत रेषा उमटतात, त्यांना ट्रेंड म्हणतात. 2 वाजून 17 मिनिटांनी व्हॉल्व्ह अडकला, 2 वाजून 19 मिनिटांनी तापमान चढू लागलं. घाबरलेल्या ऑपरेटरला आधी काय आणि नंतर काय ते आठवत नाही. रेषेला आठवतं.

माझा पुतण्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकतो. गेल्या शनिवारी एसटीतून उतरला तो लॅपटॉप छातीशी धरूनच. “काका, एक गेम आणलाय. यात तुझंच काम आहे,” म्हणाला. “फक्त प्लांटऐवजी माणसाचा ट्रेंड बघायचा.”

गेमचं नाव ‘ऑब्झर्व्हर’. 15 ऑगस्ट 2017 ला, आपल्याकडे दहीहंडी फुटत होती त्याच दिवशी तो बाजारात आला. बनवणारी ‘ब्लूबर टीम’ ही पोलंडमधल्या क्राकूव शहरातली कंपनी. सेकंड शिफ्ट संपवून घरी यायचं, जेवायचं आणि हेडफोन लावून बसायचं, असा चार रात्री मी तो खेळलो. अजून संपलेला नाही. पण जेवढं पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

या जातीच्या कथेला सायबरपंक म्हणतात. ब्रूस बेथकी या अमेरिकन लेखकाच्या 1983 मध्ये छापून आलेल्या एका कथेचं ते नाव. पुढच्याच वर्षी विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी आली आणि या प्रकाराचं घराणं उभं राहिलं. यात यंत्रं फार पुढे गेलेली असतात, माणूस मात्र गळक्या खोलीतच राहतो. सरकारपेक्षा कंपनी मोठी असते. कायम रात्र, कायम पाऊस, रंगीत जाहिरातींचे दिवे आणि लोकांच्या अंगात बसवलेली यंत्रं. लहानपणी रोह्यात मी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आणायचो. नारायण धारपांची पुस्तकं दिवसाउजेडी वाचायची, अशी आईची अट होती. माझ्या मनात ती दोन वेगळी कपाटं होती, एक तपासाचं आणि एक भीतीचं. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये या दोन कपाटांमधली भिंतच पाडली आहे.

गोष्ट 2084 सालातली. अंगात यंत्रं बसवून घेतलेल्या लोकांमध्ये नॅनोफेज नावाची साथ पसरून हजारो माणसं मेली आहेत. त्यानंतर युद्ध झालं. आता पोलंडवर कायरॉन नावाच्या कंपनीचं राज्य आहे आणि माणसांची अ, ब, क अशी वर्गवारी झाली आहे. डॅनियल लाझार्स्की हा पोलिसांतला वयस्क तपासनीस. बरीच वर्षं दुरावलेल्या मुलाचा त्याला अचानक फोन येतो. तो माग काढत क वर्गाच्या वस्तीतल्या एका जुन्या इमारतीत पोचतो. खोलीत शीर नसलेलं धड पडलेलं आहे. ते मुलाचं आहे का, हेच त्याला कळत नाही. तेवढ्यात इमारत आपोआप कुलूपबंद होते. आत असलेला प्रत्येक जण आत.

इथे मी हेडफोन काढून जरा वेळ बसलो. आमच्याकडे वायुगळतीचा भोंगा वाजला की काय करायचं हे हाडात मुरलेलं आहे. आधी मान वर करून वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक बघायचा. वारा आहे त्याच्या आडव्या दिशेने चालत असेंब्ली पॉइंट गाठायचा आणि मोजणीला उभं राहायचं. गावातल्या लोकांना मात्र उलटी सूचना असते: घरातच थांबा, दारं-खिडक्या लावा, फटींना ओली फडकी लावा. माझं घर धाटावातच आहे. म्हणजे त्या दोन्ही सूचना एकाच घराला लागू होतात, एक मला आणि दुसरी माझ्या आईवडिलांना. आत थांबलेल्या माणसाला बाहेर काय चाललं आहे ते कळत नाही, ही भीती मला कुणी समजावून सांगायला नको.

ती इमारत म्हणजे आपली चाळच. मधे चौक, भोवती जिने, रंग उडालेल्या भिंती, दारादारांवरून लोंबणाऱ्या वायरी. लाझार्स्की एकेका दाराची बेल दाबतो. दार कुणी उघडत नाही. बाहेरच्या छोट्या पडद्यावर चेहरा धड दिसत नाही, आवाज मात्र येतो. कुणी शिव्या देतं, कुणी पोलिसाला भिऊन खोटं बोलतं. अंगात एकही यंत्र बसवून न घेणारे धर्मनिष्ठ लोकही तिथे राहतात. त्यांतले कितीतरी आवाज तपासाच्या कामाचे नाहीत. तरी मी प्रत्येक दारापाशी थांबलो. अख्ख्या गेममधला सर्वांत उत्तम भाग कोणता म्हणाल तर हाच. तपासनीस इथे बहुतेक वेळ फक्त ऐकत उभा असतो. त्याच्या हातात पिस्तूलसुद्धा नाही.

खेळायची पद्धत थोडी सांगतो, कारण भीती तिच्यातच आहे. सगळं लाझार्स्कीच्या डोळ्यांतून दिसतं. दार उघडायचं तर माउस दाबून ओढावा लागतो. बोटभर ओढलं तर दार बोटभरच उघडतं. पलीकडे काय आहे हे माहीत नसताना किती उघडायचं ते आपल्या हातात, आणि माझा हात थरथरला हे मी मान्य करतो. पुराव्यासाठी त्याच्या डोळ्यांत दोन खास नजरा आहेत. एकीने रक्त, मांस असे जिवंत अंश उजळतात, दुसरीने वायरी आणि चिप. दुसरी नजर लावून मी भिंतीतली केबल शोधली तेव्हा पुतण्या हसला. मी मल्टिमीटर घेऊन रोज हेच करतो. अधूनमधून लाझार्स्कीला सिंक्रोझिन नावाचं औषध टोचून घ्यावं लागतं. ते चुकलं तर पडदा फाटल्यासारखा दिसू लागतो, कारण त्याचं शरीर आणि आतली यंत्रं यांचा मेळ सुटतो.

त्याचा आवाज डच नट रुटगर हाउअर यांनी दिला आहे. 1982 च्या ‘ब्लेड रनर’ या चित्रपटात ते माणसाने बनवलेला कृत्रिम माणूस झाले होते, आणि पावसात भिजत मरण्याचा त्यांचा प्रसंग ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. या गेममध्ये, 73 व्या वर्षी, ते दुसऱ्या बाजूला, तपास करणाऱ्याच्या जागी आले. बोलतात अगदी सावकाश, शब्द जड झाल्यासारखे. एकदा हेडफोनची वायर निसटली तेव्हा आई आतून म्हणाली, “कोण रे तो? किती दमलाय बिचारा.” तिला इंग्रजी येत नाही.

गोष्टीसाठी क्राकूव निवडलं यालाही अर्थ आहे. कंपनी तिथलीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या शहराला कारखाना ठाऊक आहे. 1949 मध्ये तिथे नोव्हा हुता ही पोलाद कारखान्याची अख्खी वसाहत उभारायला सुरुवात झाली. ‘सोलारिस’ लिहिणारे स्तानिस्लाव लेम याच शहरात राहिले आणि 2006 मध्ये तिथेच वारले. भविष्यकाळाची गोष्ट लॉस एंजेलिसमध्येच घडली पाहिजे असं नाही, आपल्या जिन्यावरही घडू शकते, हे ‘ब्लूबर टीम’च्या मुलांनी करून दाखवलं आहे. पुण्यामुंबईच्या गेम बनवणाऱ्या पोरांनी एखादी रसायनी वस्ती, एखादी कंपनी कॉलनी अशी उभी करावी, असं मला फार वाटतं.

आता मुख्य गोष्ट. लाझार्स्कीजवळ ड्रीम ईटर नावाचं यंत्र आहे. समोरच्याच्या डोक्यातल्या चिपला वायर जोडायची आणि त्याच्या मनात शिरायचं. माणूस मरायला टेकलेला असला तरी चालतं. पुतण्या म्हणाला तो ट्रेंड हाच. मी तयारीने आत गेलो: वेळ बघायची, क्रम लावायचा, कारण शोधायचं. पण आत क्रमच नव्हता. कॉरिडॉर संपून पुन्हा तोच कॉरिडॉर सुरू होतो. ऑफिसच्या टेबलांमधून रान उगवतं. एका माणसाची भीती दुसऱ्याच्या घरात शिरते आणि लाझार्स्कीच्या स्वतःच्या आठवणीही त्यात मिसळू लागतात. घडलं काय, ते कळण्याआधी त्या माणसाला काय वाटलं ते अंगावर येतं.

खटकलेलंही सांगायला हवं. मनातले हे प्रवास कधी कधी फार लांबतात आणि प्रकाशाचे इतके झटके बसतात की डोकं दुखतं. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी हा गेम खेळू नये. काही ठिकाणी एक राक्षस फिरत असतो आणि त्याच्यापासून लपत जायचं असतं. ती जागा मला उपरी वाटली. त्या चाळीला राक्षसाची गरज नव्हती. लहान मुलांसमोर तर हा गेम अजिबात लावू नये.

ड्रीम ईटरची वायर पाहून मला घर आठवलं. माझ्या वडिलांना पेसमेकर आहे. तेही याच एमआयडीसीत ऑपरेटर होते. गेल्या आठवड्यात तपासणीसाठी त्यांना पनवेलला नेलं. तंत्रज्ञाने त्यांच्या छातीवर तळहाताएवढं एक उपकरण ठेवलं, त्याची वायर पडद्याला जोडलेली. शर्टाची बटणं उघडून बाबा निमूट पडून होते. जुलैतल्या एका रात्री ठोके अचानक वाढल्याची नोंद निघाली, तारीख आणि वेळेसकट. डॉक्टर म्हणाले, थोडाच वेळ होतं, काळजीचं कारण नाही. मी तो कागद घडी करून फायलीत ठेवला. असे कागद मी आयुष्यभर फायलीत ठेवत आलो आहे.

परवा रात्री गेम बंद केला तेव्हा बाबा ओट्यावर बसलेले होते. पाऊस थांबला होता. मी जाऊन बसलो आणि विचारलं, “बाबा, त्या रात्री काय झालं होतं?”

बराच वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले.

“भोंगा वाजला असं वाटलं,” म्हणाले. “उठून अंधारात बूट शोधत होतो.”