दोन दीर्घिकांलगतची धगधगती रेघ

स्टीफनच्या पंचकात दीर्घिका पाच, पण न्यू जनरल कॅटलॉगमध्ये त्यांचे क्रमांक चारच: ७३१७ ते ७३२०. मधल्या दोघी एकमेकींना इतक्या खेटून दिसतात की दोघींना मिळून ७३१८ हा एकच क्रमांक पडला. पुढे त्यांना 'ए' आणि 'बी' अशी अक्षरं लावावी लागली. ही ओळख त्या जोडीची.

एदुआर स्टीफन यांनी १८७७ साली फ्रान्समधल्या मार्से वेधशाळेतून हा समूह शोधला. काचेवर चांदीचा मुलामा दिलेल्या ८० सेंटिमीटरच्या आरशाची दुर्बीण तिथे होती. इतक्या दाटीवाटीचा दीर्घिकासमूह त्याआधी कुणाला सापडलेला नव्हता. पाचांपैकी ७३२० मात्र या घरची नाही. ती सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, बाकीच्या २९ कोटींवर. तिचा वेग इतरांशी जुळत नाही, हे मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज यांनी १९६१ मध्ये दाखवलं.

आता जोडीकडे. 'ए' लंबगोल, 'बी' सर्पिल. चित्रात त्यांची गळामिठी दिसते, पण खरी झटापट चालली आहे ती 'बी' आणि समूहातल्या वायूची. आधीच्या एका टकरीत दीर्घिकांमधून ओढला गेलेला हा वायू मोकळ्या अवकाशात पसरलेला होता. त्यात 'बी' सेकंदाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने मागून, म्हणजे आपल्या दिशेने, घुसली आहे. अशा टकरीत तारे एकमेकांवर आदळत नाहीत, त्यांच्यामधली अंतरं फार मोठी असतात. आदळतो तो वायू.

त्यातून उठलेली आघातलहर जवळजवळ आपल्या आकाशगंगेच्या व्यासाइतकी लांब आहे. 'बी' आणि ७३१९ यांच्यामधल्या या पट्ट्यात वायू लाखो अंशांपर्यंत तापून क्ष-किरण फेकतो. रेडिओ दुर्बिणींनाही ती रेघ स्पष्ट दिसते. पण २००६ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने तिथेच रेणुरूप हायड्रोजनचा प्रचंड अवरक्त प्रकाश टिपला. एवढ्या धुमश्चक्रीत रेणू टिकावेत कसे? वायू सगळीकडे सारखा नव्हता. विरळ भाग तापला. दाट ढगांना धक्का हळू बसला, ते लवकर निवले आणि त्यांत रेणू बनू शकले. टकरीची बरीचशी ऊर्जा हेच रेणू प्रकाशरूपाने बाहेर टाकतात. मला या समूहातलं सर्वांत मोलाचं ठिकाण कुठलीही दीर्घिका नव्हे, हा पट्टाच वाटतो. नव्या दीर्घिका घडताना वायूचं काय होत असेल, याचा अभ्यास इथे जवळून करता येतो. जेम्स वेब दुर्बिणीच्या १२ जुलै २०२२ च्या पहिल्या रंगीत चित्रांत या पंचकाला जागा मिळाली, ती उगीच नाही.

पाहायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी महाश्वाचा चौकोन शोधा; आपल्या पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा त्याच. त्याच्या वायव्येला ७३३१ ही तेजस्वी दीर्घिका आहे, तिच्या नैर्ऋत्येला अर्ध्या अंशावर पंचक. महाराष्ट्रातून ते जवळजवळ डोक्यावर येतं. मात्र शहराच्या उजेडापासून दूर जावं लागेल, आणि दुर्बीणही मोठी हवी.