आखाजी ते दिवाळी : साक्री तालुक्यातील कुटुंबांची बचत, पूरक उत्पन्न आणि उचल

प्रस्तावना

ग्रामीण कुटुंबांच्या बचतीविषयी लिहिताना दोन सल्ले हमखास दिले जातात : खर्च आटोक्यात ठेवा आणि जोडधंदा करा. दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत. परंतु ज्या कुटुंबाला ते दिले जातात, त्याच्या वर्षात पैसा केव्हा येतो आणि केव्हा संपतो याचा विचार त्यांत सहसा नसतो. साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात, विशेषतः पिंपळनेर व दहिवेलच्या पलीकडील आदिवासी गावांमध्ये, कोरडवाहू शेती, मजुरी आणि हंगामी स्थलांतर यांवर अनेक कुटुंबांचा निर्वाह चालतो. मासिक वेतन घेणाऱ्या आपणां प्राध्यापकांची बचतीची कल्पना अशा कुटुंबाला लावता येत नाही. या कुटुंबांच्या बचतीचा प्रश्न रकमेपेक्षा वेळेचा अधिक आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

खानदेशात सालदाराचे वर्ष परंपरेने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. घरातील हिशेबही पुष्कळदा त्याच दिवसापासून धरला जातो. आखाजीनंतर बियाणे, खत, घराची शाकारणी, मुलांची वह्या-पुस्तके असे खर्च एकामागून एक येतात आणि ज्येष्ठ-आषाढात घरातील धान्यही संपत आलेले असते. नवे पीक हाती येण्यास दसरा-दिवाळी उजाडते. तुटीचा खरा काळ हाच होय. शासनालाही तो अपरिचित नाही. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात देण्यात येणारे खावटी कर्ज याच कारणासाठी होते आणि २०२० मध्ये त्याचे रूपांतर एका वर्षापुरते खावटी अनुदानात करण्यात आले, तेव्हा प्रतिकुटुंब ४,००० रुपये, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने, असे प्रमाण ठरविण्यात आले होते.

उचलीची किंमत

या तुटीच्या काळात मुकादम गावात येतो. ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांकडे खानदेशातून जाणारे मजूर 'कोयता' या नावाने ओळखले जातात. कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. बहुधा नवरा-बायकोची जोडी. डच समाजशास्त्रज्ञ जान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून या मजुरांविषयी विस्ताराने लिहिले आहे. मुकादम पावसाळ्यात उचल देतो आणि ती हंगामाच्या मजुरीतून कापून घेतली जाते. घेतलेल्या उचलीची दीडपट फेड करावी लागण्याची पद्धत या भागातील मजुरांविषयीच्या पाहण्यांतून नोंदली गेली आहे.

येथे साधे गणित मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. २०,००० रुपये उचल घेतली व दीडपट फेड ठरली, तर ३०,००० रुपये मजुरीतून वळते होतात. म्हणजे वापरलेल्या पैशाची किंमत १०,००० रुपये. तीच रक्कम बचत गटाकडून दरमहा शेकडा दोन या प्रचलित दराने सहा महिन्यांसाठी मिळाली, तर व्याज २,४०० रुपये होते. फरक ७,६०० रुपयांचा. गटात दरमहा १०० रुपये भरणाऱ्या सभासद महिलेची वर्षाची बचत १,२०० रुपये असते. तेव्हा न घेतलेली उचल ही तिच्या सहा वर्षांच्या हप्त्यांहून मोठी बचत ठरते. चहा-साखरेत काटकसर सुचविणाऱ्या लेखांमध्ये हा आकडा कोठेच आढळत नाही.

मात्र याच गणिताची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बारा सभासदांच्या गटाने दरमहा १०० रुपये जमविले, तर वर्षाअखेर गटाचा स्वतःचा निधी १४,४०० रुपये होतो. एका सभासदाची २०,००० रुपयांची गरजही त्यातून भागत नाही. नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेल्या बँक-जोडणी कार्यक्रमामुळे पुढे मोठे कर्ज मिळू शकते; तथापि त्यासाठी गटाचे वय, नियमित बैठका व परतफेड यांची अट असते. मग पहिल्या वर्षी गटाचा उपयोग काय? मोठी उचल अनेकदा लहान गरजेच्या निमित्ताने घेतली जाते. आषाढात दोन-तीन हजारांची नड असते. मुकादम मात्र वीस हजार देऊ करतो, आणि एकदा हात पुढे केल्यावर कुटुंब सहा महिन्यांसाठी बांधले जाते. लहान नड गटातून भागली, तर मुकादमाकडे जाण्याचे निमित्तच टळू शकते. म्हणून गटाने आपला निधी फाल्गुन-चैत्रात लग्नसराईसाठी वाटून न टाकता काही हिस्सा आषाढासाठी राखून ठेवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बारीपाडा

साक्री तालुक्यातीलच बारीपाडा या कोकणा आदिवासींच्या गावाचा अनुभव या संदर्भात महत्त्वाचा आहे. एकेकाळी जंगल उजाड झालेल्या या गावात वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले श्री. चैत्राम पवार नोकरीकडे न वळता गावातच राहिले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभापासून त्यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी वनसंरक्षणाचे नियम स्वतःवर घालून घेतले. वृक्षतोड करणाऱ्यास दंड व त्याची माहिती देणाऱ्यास बक्षीस, राखणीची व्यवस्था, श्रमदानातून दगडी बांध असे ते काम होते. चारशेहून अधिक हेक्टर जंगल त्यातून उभे राहिले. विहिरींना पाणी आले, भाताचे व भाजीपाल्याचे उत्पन्न वाढले, रोजगारासाठी बाहेर जाणे कमी झाले. श्री. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

बारीपाड्याकडे बहुधा पर्यावरणाच्या दृष्टीने पाहिले जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास तेथील वनभाजी स्पर्धा अधिक लक्षवेधी वाटते. २००४ पासून होत असलेल्या या पाककृती स्पर्धेत महिला जंगलातील भाज्या रांधून मांडतात. करटोली, शेवळे, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब या रानभाज्यांपैकी बहुतेक ज्येष्ठ ते भाद्रपद याच काळात मिळतात, म्हणजे हातात रोकड नसते नेमक्या तेव्हा. जंगल टिकले तर बाजारहाटाचा खर्च सर्वांत जड महिन्यांत वाचतो, आणि जास्तीची भाजी आठवडे बाजारात विकताही येते. पतपुस्तकात ही बचत कोठेही दिसत नाही. अर्थात, हे फळ मिळण्यास तेथे दशकभराहून अधिक काळ लागला आणि गावाने स्वतःच्या इच्छेने नियम पाळले, हे विसरून चालणार नाही. एका शिबिराने दुसरे बारीपाडा निर्माण होत नसते.

पूरक उत्पन्न आणि विक्रीची वेळ

पूरक उत्पन्नाच्या साधनांनाही वेळेचाच नियम लागू पडतो. मोहफुले चैत्राच्या सुमारास पडतात. गरजेपोटी ती लगेच विकली जातात, आणि पावसाळ्यात तीच वस्तू चढ्या भावाने परत विकत घेण्याची पाळी अनेक आदिवासी भागांत येते. मोहफुलांच्या साठवणुकीवरील व वाहतुकीवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठविले. त्यामुळे नीट वाळवून कोरड्या जागी ठेवलेली फुले आता उघडपणे राखता येतात. उन्हाळी कांद्याची गोष्ट याहून बिकट आहे. कांदाचाळीत माल राखला तर भाव मिळू शकतो, परंतु सड व वजनातील घट यांमुळे तोटाही होतो. ज्याच्यावर देणे थकले आहे तो ही जोखीम घेऊच शकत नाही. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. तिला आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेतली नाही, तर ऐन नडीच्या दिवसांत हे भांडवलच नाहीसे होते.

जमविलेला पैसा ठेवावा कोठे, हाही प्रश्न खानदेशात गौण नाही. जळगाव येथे मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला आणि ठेवीदारांना आपल्याच पैशांसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. भिशी तर केवळ परस्पर विश्वासावर चालते. एक-दोन टक्के अधिक व्याजासाठी आषाढाचा पैसा अशा ठिकाणी गुंतविणे हितावह नाही. त्याला टपाल कार्यालय किंवा बँकेचे साधे बचत खाते पुरेसे आहे.

महाविद्यालयांचा संबंध येथे थेट येतो. आपले प्रवेश जून-जुलैमध्ये होतात. शुल्क, गणवेश, पुस्तके, बसचा पास हे सारे खर्च विद्यार्थ्याच्या घरातील तुटीच्या महिन्यांतच पडतात, तर शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा वर्षाच्या उत्तरार्धात खात्यावर जमा होते. ज्या विद्यार्थ्यांचे आईवडील दिवाळीनंतर कोयत्यावर जातात, त्यांच्या शुल्काचा पहिला हप्ता दसऱ्यानंतर घेणे व कमवा आणि शिका योजनेची कामे सत्रारंभापासूनच देऊन त्यांचे मानधन दरमहा अदा करणे, हे दोन्ही निर्णय महाविद्यालयाच्या पातळीवर घेता येण्याजोगे आहेत.